दुसरा कोणी नाही

माणूस खरोखर अस्तित्वात आहे की नुसता भास आहे, या प्रश्नापायी जगातल्या थोर डोक्यांनी आयुष्यं घालवली, दाढ्या वाढवल्या, डोंगरात जाऊन बसली आणि उत्तर न सापडताच गेली. खरेदी कार्यालयाने हा प्रश्न एका मंगळवारी जेवणाच्या सुट्टीआधी निकालात काढला. माणूस अस्तित्वात नाही. निदान कुबडीवाला तरी नाही.

तसा कागदच तिसऱ्या मजल्यावरच्या फलकावर लावला होता आणि कुबडीवाला खांद्यावर कुबड्यांची नवी जोडी घेऊन तो वाचत उभा होता. सरकारी रुग्णालयाला कुबड्या पुरवण्याचं काम निविदा न मागवता थेट एका लघुउद्योगाला देण्यात येत आहे, असं त्यात म्हटलं होतं. कारण सदर वस्तू पुरवणारा दुसरा कोणी अस्तित्वात नाही. खाली कुण्या बाईंचं नाव होतं. ते त्याने जन्मात ऐकलं नव्हतं. इतकी वर्षं रुग्णालयातून लंगडत बाहेर पडणारा प्रत्येक माणूस त्याच्या कुबड्यांवर बाहेर पडत आला होता.

त्याने कागद पुन्हा वाचला. मग दाराशी बसलेल्या शिपायाला विचारलं, हे काय आहे.

"ज्याला हरकत असेल त्याने ती घ्यावी, म्हणून लावलाय," शिपाई म्हणाला.

"मला आहे हरकत."

"मुदत काल संपली."

"काल हा कागद इथे होता का? मी परवाच येऊन गेलो."

"होता की. त्याच्यावर सहलीचा कागद होता. सहल झाली, म्हणून तो काढला." शिपायाने जांभई दिली. "चांगली झाली सहल."

कुबडीवाला तसाच आत गेला. खरेदी अधिकारी बाई होत्या, शांत, नेटक्या, चष्मा पुसून बोलणाऱ्या. त्यांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मुदत टळली आहे, तरी खास बाब म्हणून सुनावणी ठेवते, म्हणाल्या. वाईट एवढंच की बाई सरळ होत्या. लाचखाऊ असत्या तर रागाला धरायला कुठेतरी मूठ सापडली असती. कुबडीवाला जिन्याने खाली उतरला तेव्हा त्याचा राग नुसताच हातात होता, आणि तो ठेवायचा कुठे हे त्याला कळत नव्हतं.

त्याचं दुकान रुग्णालयाच्या मागच्या गल्लीत होतं. जोडी एकाच फळीतून काढायची, हा तिथला नियम. दोन फळ्यांच्या दोन कुबड्या भाराखाली वेगवेगळ्या वाकतात, आणि माणूस सरळ चालतोय असं समजून हळूहळू गटारात जातो. दुसरा नियम मापाचा. गिऱ्हाइकाने ताठ उभं राहायचं, समोर बघायचं, आणि माप दुसऱ्याने घ्यायचं. स्वतःचं माप स्वतः घेता येत नाही. फीत बघायला मान खाली गेली की खांदाही खाली येतो आणि सगळं चुकतं. बरी झालेली माणसं कुबड्या परत आणून देत. त्या छताला टांगलेल्या असत. पुढे कुणी बुटका आला की त्यातली एक जोडी खालून कापायची, नवं रबर बसवायचं आणि द्यायची. अशी एकेक जोडी कितीतरी काखा फिरून शेवटी एखाद्या पोराकडे पोचायची. कुबडीवाला म्हणायचा, हिचं आयुष्य आपल्या उलट. आपण वाढत जातो, ही लहान होत जाते.

दुकानाच्या मधोमध फळ्यांची भिंत होती. भिंतीपलीकडे दादा.

दादा म्हणजे थोरला भाऊ. धंदा मुळात त्याच्यामुळे झाला. लहानपणी तापात त्याचा एक पाय वाळला, तेव्हा वडिलांनी खुर्च्या करणं थांबवून त्याच्यासाठी पहिली जोडी केली. ती पाहून दुसऱ्या कुणी मागितली, मग तिसऱ्याने. दादाने हातात रंधा धरला, मग धाकट्याला धरायला शिकवला. पुढे दोघांची लग्नं झाली आणि मागच्या नळाखाली बादली आधी कुणाची, यावरून दोन्ही जावांमध्ये जे सुरू झालं त्याचा शेवट या भिंतीत झाला. दादाची बायको आता नव्हती. नळही केव्हाच आटला होता. भिंत तेवढी राहिली होती. दोन्ही बाजूंना रंधे चालत, एकमेकांचा आवाज ऐकत, आणि भाऊ एकमेकांशी बोलत नसत. कुबडीवाल्याची लेक मात्र दोन्हीकडे जायची. भिंतीला दार नाही, म्हणून गल्लीतून वळसा घालून जायची.

सरकारी काम भिंतीच्या आधीचं. छोट्या धंदेवाल्याला हात द्यावा, म्हणून तेव्हा एक नियम झाला होता: वस्तू करणारा एकच असेल तर निविदेचा खटाटोप न करता काम सरळ त्याला द्यावं. ते काम दरवर्षी कुबडीवाल्याला मिळत आलं होतं. इतकी वर्षं त्याला हा नियम अतिशय न्यायाचा वाटत होता.

सुनावणीच्या आधी एक दिवस दुकानात एक हसतमुख माणूस आला. ज्या बाईंचं नाव फलकावर होतं त्यांचा हा जावई. पूर्वी रुग्णालयाला खाटा विकायचा. आल्या आल्या त्याने छताकडे बघून कौतुक केलं, लाकडाचा वास छान येतो म्हणाला, आणि स्टूल ओढून बसला.

"काका, तुम्ही रागावलात असं ऐकलं."

कुबडीवाला रंधा मारत राहिला.

"धंदा सासूबाईंच्या नावावर आहे. नवीन उद्योजिका. सरकारचं धोरणच आहे ना तसं. पण त्यांना लाकडातलं काही कळत नाही, आणि मला त्यांच्याहून कमी कळतं. म्हणून म्हटलं, माल तुम्हीच करा."

"मी कसा करणार? मी तर नाहीच आहे."

"कागदावर नाही. इथे आहात की. उलट बरंच आहे, काका. कागदावर नसलेल्या माणसामागे कसली कटकट नसते."

ते त्याने चिडवायला म्हटलं नव्हतं. त्याला खरंच तसं वाटत होतं. कुबडीवाल्याने विचारलं, मी नाही म्हटलं तर?

"तर लोखंडी मागवू. तयार येतात. एकच माप असतं, मधलं."

"आणि उंच माणसाने काय करायचं?"

"वाकायचं."

"बुटक्याने?"

यावर जावयाने थोडा विचार केला. "त्याने पण काहीतरी करायचं," तो म्हणाला.

कुबडीवाल्याने भिंतीला टेकलेली एक कुबडी उचलली. जावयाला वाटलं नमुना दाखवतोय, म्हणून तो कौतुकाने पुढे झुकला. मग त्याला तसं वाटेनासं झालं आणि तो स्टुलासकट मागे सरकत दारापर्यंत गेला. तिथून, विचार करून कळवा म्हणाला आणि गेला. कुबडीवाला पुन्हा रंधा मारायला लागला. मारत राहिला. लेक चहा घेऊन आली तेव्हा फळी इतकी पातळ झाली होती की तिच्यातून खिडकीचा उजेड दिसत होता.

"बाबा, आता हिच्या कुबड्या कुणाला देणार? डासांना?"

भिंतीपलीकडचा रंधा जावई बोलत असताना थांबलेला होता. आता तो परत सुरू झाला.

सुनावणी अधिकारी बाईंच्याच खोलीत होती. लिफ्ट बंद होती. ती कधी चालू होती हे आठवणारा शिपाई निवृत्त झाला होता. सासूबाई मांडीवर पिशवी घेऊन कोपऱ्यात धापा टाकत बसल्या होत्या. हातात मधल्या मापाची लोखंडी काठी होती. ती त्यांच्या छातीपर्यंत येत होती, त्यामुळे त्या लढाईला निघाल्यासारख्या दिसत होत्या. अधिकारी बाईंनी त्यांना विचारलं, आपण काय बनवता?

"मी काय बनवणार? माझे गुडघे गेलेत," सासूबाई म्हणाल्या. जावयाने घाईने सांगितलं की आई देखरेख करतात.

मग कुबडीवाल्याची पाळी आली. लेकीने मुद्दे लिहून दिले होते, पण त्याने कागद उघडलाच नाही. मी आहे, एवढंच तो म्हणाला. हा मी. हे माझे हात. खाली रुग्णालयाच्या दारात जाऊन बसा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारा. तुम्ही लिहिता दुसरा कोणी नाही, आणि हा माणूस माझ्याच दुकानात येऊन मला म्हणतो, तू नाहीस ते बरंच आहे, आता माझा माल कर. त्याचा आवाज चढत गेला. बाहेर शिपायाची जांभई अर्ध्यावर थांबली.

अधिकारी बाईंनी चष्मा पुसला. "तुम्ही समोर आहात हे मला दिसतंय. पण मला दिसलेलं मी नोंदवू शकत नाही, आणि मागचे कागद मागच्या वर्षांपुरते. त्याच धंद्यातल्या दुसऱ्या कुणीतरी येऊन सांगायला हवं, की हे हाच धंदा करतात."

"दुसऱ्या कुणी?"

"कुबड्या करणाऱ्या."

कुबडीवाला बोलायला लागला आणि थांबला. बाईंनी त्याच्याकडे एक जाड फाईल वळवली. तिच्यात वर्षानुवर्षांची त्याची निवेदनं होती. प्रत्येकावर तेच छापील वाक्य: सदर वस्तू करणारा दुसरा कोणी अस्तित्वात नाही. प्रत्येकाखाली त्याची सही.

"दुसरा नसेल तर तुमचा साक्षीदार नाही," बाई सावकाश म्हणाल्या. "आणि असेल तर ही निवेदनं खोटी. घरी जाऊन नीट विचार करा. दोन दिवस थांबते मी." हे त्या कळवळ्याने म्हणाल्या. जावई हसला नाही, म्हणजे तोही माणूस वाईट नव्हता.

जिना उतरताना कुबडीवाला अधिकाऱ्यांवर चिडला, जावयावर चिडला, सहलीवर चिडला. खालच्या पायरीवर आल्यावर चिडायला कोणी उरलं नाही. ते वाक्य त्याने कधी वाचलंच नव्हतं असं नाही. वाचलं होतं. ते छापील होतं, आणि छापील गोष्ट आपण म्हटली असं कुणाला वाटतं?

संध्याकाळी तो गल्लीतून वळसा घालून पलीकडे गेला. दादा खाटेवर बसून एका मुठीला पॉलिश करत होता. दोन्ही कुबड्या खाटेला टेकवलेल्या होत्या. त्याने वर पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली.

"नळाला पाणी येत नाही आता," दादा म्हणाला.

"नळाचं नाही, दादा."

"मग ते खाटावाल्याचं. ऐकलंय मी. फळी पातळ आहे. वडिलांनी भिंत घातली असती तर जाड घातली असती."

कुबडीवाला दारातच उभा राहिला. ये म्हणून कुणी म्हटलं नव्हतं. त्याने फाईलबद्दल सांगितलं, साक्षीदाराबद्दल सांगितलं. दादा मूठ पुसत ऐकत होता. आधीच चकचकीत झालेली मूठ तो पुसतच राहिला.

"पहिल्या वर्षी तूच म्हणालास, नाही लिही," कुबडीवाला म्हणाला.

"म्हणालो. मला जिना चढवला नाही, म्हणून मी खाली पायरीवर बसलो होतो. तू वरून ओरडून विचारलंस, दुसरा कोणी आहे का विचारतायत. मी म्हटलं, नाही लिही, आपलं दुकान एकच आहे. तेव्हा एकच होतं." दादाने मूठ खाली ठेवली. "भिंत घातल्यावर परत कधी विचारलं नाहीस."

"ते छापीलच असतं, दादा. सही तेवढी आपली."

"तुझी."

मग दादा बोलला, आणि आवाज न चढवता बोलला, म्हणून ते ऐकणं जास्त अवघड गेलं.

"तुला त्यांनी एकदा नाही म्हटलं तर तू तीन मजले चढून भांडायला गेलास. तू मला दरवर्षी नाही म्हणत होतास. रुग्णालयाची माणसं माझ्या दारावरून तुझ्या दारात जायची, मी खाटेवर बसून बघायचो. मी काय वाळवी होतो तुझ्या भिंतीतली?"

कुबडीवाल्याला माफी मागावी असं वाटलं, पण एवढ्या वर्षांची माफी एका दमात कशी मागतात हे त्याला येत नव्हतं. तो दारातल्या भुशाकडे बघत राहिला.

"कितव्या मजल्यावर आहे ते?" दादाने विचारलं.

"तिसऱ्या."

"लिफ्ट?"

"बंद."

"तेव्हाही बंदच होती," दादा म्हणाला आणि मूठ पुन्हा हातात घेतली. म्हणजे तो येणार होता.

दादा जिना चढला. आधी कुबड्या पायरीवर, मग पाय, मग एक श्वास. मागे कुबडीवाला दोन्ही हात हवेत धरून, न शिवता. उतरणारी माणसं भिंतीला चिकटून उभी राहत होती. दुसऱ्या मजल्यावर दादा थांबला. मागून बघताना कुबडीवाल्याला दिसलं की दादाचे खांदे कानांपर्यंत चढलेत, पोरगा थंडीत आखडतो तसे. त्याला वाटलं दम लागला म्हणून असेल. पण दम खाली बसला तरी खांदे खाली आले नाहीत.

खोलीत शिपायाने खुर्ची दिली. दादा बसला नाही. अधिकारी बाईंनी विचारलं, हे गृहस्थ कुबड्या करतात हे आपल्याला माहीत आहे का?

"करतो. जोडी एका फळीतून काढतो. मी शिकवलंय."

"म्हणजे आपणही करता."

दादाने धाकट्याकडे पाहिलं. सासूबाईंना घेऊन आलेला जावईही पाहत होता. खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की पुढच्या वाक्यावर काय टांगलंय.

"मी हल्लीच सुरू केलंय," दादा म्हणाला. "आधी मी... नव्हतो."

"होता," कुबडीवाला म्हणाला.

"तू गप्प बस."

"होता, मॅडम. माझ्याही आधीपासून. भिंतीच्या पलीकडे बसून करत होता आणि मी लिहीत होतो की कोणी नाही. मी खोटं लिहिलं. छापील होतं, पण सही माझी आहे." मग इतके दिवस हातात नुसताच असलेला राग त्याला कुठे ठेवायचा ते समजलं आणि त्याने तो टेबलावर ठेवला. "पण तुम्हीही कधी खाली उतरून बघितलं नाहीत. तुमच्या खिडकीतून आमची गल्ली दिसते. माणसाला नाही म्हणायला तुम्हाला एक कागद पुरतो, तोही सहलीच्या कागदाखाली. आणि आहे म्हणायला या माणसाला तीन मजले चढावे लागतात."

अधिकारी बाईंनी यातलं लिहिण्याजोगं ते लिहून घेतलं. मग त्यांनी निर्णय दिला. आता दोन कारागीर आहेत हे सिद्ध झालं आहे. तेव्हा सासूबाईंना दिलेलं थेट काम रद्द. खुली निविदा निघेल. हे सांगताना त्यांना मनापासून आनंद झालेला दिसला.

कुबडीवाला म्हणाला, मग मी निविदा भरतो. बाई म्हणाल्या, तुम्हाला भरता येणार नाही; खोटं निवेदन दिल्याचं आत्ताच कबूल केलंत, नाव यादीतून काढावं लागेल. मग दादा भरेल, तो म्हणाला. त्यांना यादीत नाव घालावं लागेल, आणि त्यासाठी आधी सरकारी काम केल्याचा अनुभव लागतो, बाई म्हणाल्या; सूट फक्त नवीन उद्योजिकांना.

"मग भरणार कोण?"

सगळ्यांची नजर कोपऱ्यात गेली. सासूबाई काठीवर हनुवटी टेकून बसल्या होत्या. ती त्या उंचीला बरोबर बसत होती.

"आणि एकट्या यांचीच निविदा आली तर?"

"तर स्पर्धा झाली नाही असं समजून," बाई म्हणाल्या आणि इथे त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही, "काम नियमाप्रमाणे थेट त्यांना."

सासूबाईंनी जावयाला हळूच विचारलं, म्हणजे परत चढावं लागणार का?

उतरायला चढण्याहून जास्त वेळ लागला. तळाच्या पायरीवर दादा टेकला. पहिल्या वर्षी बसला होता त्याच पायरीवर. कुबडीवाला त्याच्यापुढे येरझाऱ्या घालायला लागला. हे मी सोडणार नाही, म्हणाला. कोर्टात जातो. मंत्र्याच्या दारात बसतो. छताच्या सगळ्या कुबड्या उतरवून या फाटकाला बांधतो, एकेक मोटार अडकली पाहिजे. ज्यांना ज्यांना आपण उभं केलंय त्या सगळ्यांना गोळा करतो आणि हा जिना भरून टाकतो, बघू दे वरच्यांना दुसरा कोणी आहे की नाही ते. उद्याच्या उद्या. दोघं मिळून. त्याचा आवाज फाटला होता, आणि फाटकाजवळचा पहारेकरी उठून उभा राहिला होता.

दादा श्वास खाली बसायची वाट बघत होता. बसला तेव्हा त्याने कुबड्या ओढून जवळ घेतल्या, काखेत घातल्या आणि धाकट्याचा हात न धरता उठला. खांदे पुन्हा कानांपर्यंत गेले.

"कर सगळं," तो म्हणाला. "आधी दुकानात चल आणि माझं माप घे. या मला उंच झाल्यात. दोन्ही सारख्याच काप."